बीपीचा दवाखाना आणि गुणवत्तेचे पाच निकष

दवाखाना चांगला आहे हे कशावरून ओळखायचं, या एका प्रश्नावर आम्ही पाच-सहा जणी चंद्रपूरच्या ऑफिसात सकाळपासून बसलो होतो आणि दुपारपर्यंत आमचं एकमत फक्त समोशांवर झालं होतं. समोसे चांगले होते. ते कशावरून, असं कुणी विचारलं नाही. खाल्ले आणि कळलं. दवाखान्याचं तसं नसतं, असं पुण्याहून आलेले सल्लागार सर आम्हाला समजावत होते. मला वाटत होतं की तसंच असतं, पण हे बोलायला गेलं की सर "इंटरेस्टिंग" म्हणतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात.

आमची संस्था बायकांचे तीन छोटे दवाखाने चालवते. एक चिमूरला, एक माजरीला कोळशाच्या खाणीजवळ आणि एक सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. पाळीच्या तक्रारी, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं, तांबी, पांढरं जाणं, नवऱ्याकडून आलेले आजार, म्हणजे घरात ज्याचं नाव काढत नाहीत ते सगळं आमच्याकडे येतं. या तिन्ही दवाखान्यांवर लक्ष ठेवण्याचं काम माझं. सिस्टर भांडल्या की मी जायचं, पंखा बिघडला की मी जायचं, आणि वरून कुणी पाहुणा आला की त्याच्याबरोबरही मीच जायचं.

त्या वर्षी देणगीदारांनी कळवलं की पुढे तीन दवाखाने परवडणार नाहीत, दोनच चालतील. गुणवत्तेचे पाच निकष ठरवा, तिन्हींना लावा, आणि जो शेवटी येईल त्याचं दुसऱ्यात विलीनीकरण करा. विलीनीकरण हा फार सभ्य शब्द आहे. जंगलातला दवाखाना चिमूरमध्ये विलीन झाला, तर त्या गावच्या बायकांना दोन गाड्या बदलून चिमूर गाठावं लागणार होतं. त्याहून अवघड म्हणजे, एवढं लांब कशाला जातेस याचं उत्तर घरी द्यावं लागणार होतं. म्हणजे त्या जाणारच नव्हत्या. मला हे दिसत होतं, म्हणून त्या दिवशी मी समोसेसुद्धा दोनच खाल्ले.

निकष निवडताना प्रत्येक सिस्टरने आपापलं घर सांभाळलं. माजरीची सिस्टर "स्वच्छ पांढरे पडदे" या निकषावर अशी तुटून पडली की सरांनी तो मुकाट्याने खोडला. तिचं बरोबरच होतं. तिथे सकाळी लावलेला पडदा दुपारी करडा होतो, त्याला ती काय खाण बंद करणार? चिमूरच्या सिस्टरला "थांबावं लागलेला वेळ" हवा होता, कारण तिच्याकडे कुणी थांबण्याइतकी गर्दीच नसते. जंगलातल्या दवाखान्याच्या सिस्टरने हस्ताक्षराला गुण असावेत असं सुचवलं. तिचं अक्षर खरोखर सुंदर आहे आणि त्याचा तिला फार गर्व आहे. सूचना नामंजूर झाली तशी ती रुसली, ती चहालाही उठली नाही.

शेवटी पाच ठरले. बाईला किती वेळ थांबावं लागलं. तपासताना दार बंद होतं का. बाई स्वतःच्या मर्जीने, म्हणजे एकटी, आली का. कशासाठी आलात असं विचारल्यावर ती काय सांगते. आणि जाताना ती समाधानी होती का. रजिस्टरं बघायची नाहीत, असं सरांनी बजावलं. रजिस्टरं सगळीकडे छानच भरलेली असतात, बाईच्या तोंडून येईल तेच खरं. हे ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं की आमच्या डॉक्टर मॅडमनीही मान हलवली. मॅडम संस्थेच्या प्रमुख, स्वतः बायकांच्या डॉक्टर, बोलणं मोजकं. त्यांनी मान हलवली की विषय संपतो.

मी आणि जंगलातली सिस्टर मात्र एकमेकींकडे बघत बसलो. पाचातले चार निकष आमच्या त्या एका दवाखान्याच्या मुळावर आले होते, आणि का ते तिथे सांगायची सोय नव्हती.

एकटीने येण्याचंच घ्या. त्या गावाकडे येणाऱ्या सगळ्या पायवाटा जंगलातून येतात आणि जंगलात वाघ आहे. आहे म्हणजे नकाशावर नाही, खरोखर आहे. बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जायचं असो की मोह वेचायला, बायका घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत जातात आणि दिवस मावळायच्या आत परततात. बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात यायचं तरी तोच घोळका येतो. त्यात सासू असते, जाऊ असते, शेजारीण असते, आणि शेजारणीला काहीच काम नसल्यामुळे तिचे कान सगळ्यात मोकळे असतात. सरांच्या हिशेबात एकटी येणारी बाई स्वतंत्र होती. आमच्याकडे एकटी येणाऱ्या बाईला लोक विचारतात, डोकं ठिकाणावर हाय का?

मग या घोळक्यात सुनेने मला पाळणा लांबवायचा आहे हे सांगायचं कसं? दार लावून घेतलं तर बाहेर सासू दाराला कान लावते आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी होते की अमकीला आत घेतली आणि दार लावलं. यावर तोड निघाली ती कुणी काढली नाही, आपोआप निघाली. एकदा सिस्टर एका पोरीचं बीपी मोजत होती. सासू शेजारी उभी राहून वटवट करत होती. सिस्टर वैतागली आणि ओरडली की बीपी मोजताना कुणी बोलायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही, आकडा चुकतो. सासू घाबरून बाकावर जाऊन बसली. त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा असं मोकळं अंतर मिळालं असावं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, ओठ न हलवता, सिस्टरला आपलं खरं काम सांगून टाकलं. सिस्टर फुगा दाबत राहिली.

पुढच्या बाजाराला तिची मैत्रीण आली. तिलाही बीपी मोजायचं होतं.

तिथून ते पसरलं. दंडाला पट्टा गुंडाळला की बाई जगाला बंद होते, हा त्या पंचक्रोशीचा कायदाच झाला. पट्टा असेपर्यंत तिला कुणी हाक मारत नाही, लेकरू रडलं तरी दुसरी उचलते. सिस्टर अधूनमधून फुगा दाबते, हवा फुस्स करून सोडते, आणि त्या आवाजाखाली पाळी चुकल्यापासून नवऱ्याच्या आजारापर्यंत सगळं बोलून होतं. मग सिस्टर मोठ्याने म्हणते, "बीपी जरा वाढलेला हाय, आत चाल, सुई द्या लागेल." आत इंजेक्शन. मला या सगळ्याचं नवल वाटलं नाही. चिमूरला अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि हात कासाराच्या हातात असताना बायका काय काय बोलतात ते मी गल्ल्यामागे बसून लहानपणापासून ऐकलं आहे. अब्बा ऐकायचे, बांगडी सरकवायचे आणि दुकानाबाहेर एक शब्द जाऊ द्यायचे नाहीत.

तर गाव आमच्या दवाखान्याला बीपीचा दवाखाना म्हणतं. रजिस्टरात सगळं खरं, सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं, पण रजिस्टर सर बघणार नव्हते. आणि सरांना हे गुपित सांगायचं म्हटलं तर त्यांचा स्वभाव आडवा येत होता. सर चांगले होते, पण त्यांना चांगली गोष्ट कळली की ते तिचा फोटो काढतात, वर मथळा देतात आणि सगळ्यांना पाठवतात. त्या सगळ्यांमध्ये सरपंच असतात आणि सरपंचांच्या मोबाइलमध्ये सगळं गाव असतं. सिस्टरने मला अब्बांची शपथ घातली की ऑफिसात हे कुणाला सांगायचं नाही, अगदी मॅडमनाही नाही. मी घेतली. अब्बांची शपथ मी मोडत नाही, नाहीतर मी फार शपथा पाळणारी बाई आहे असं नाही.

सर पाहणीला आले ते बाजाराच्या दिवशी, पाण्याची मोठी बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. पहिली सून पट्ट्यात गेली आणि सरांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सिस्टर फुगा दाबते आहे, सोडते आहे. पंधराव्या मिनिटाला सर माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले की सिस्टरना बीपी मोजण्याचं प्रशिक्षण कधी दिलं होतं? मी म्हटलं, झालंय. ते म्हणाले, परत द्यायला हवं. सिस्टरचे कान तीक्ष्ण आहेत. तिने रागाने फुगा इतका दाबला की ती सून कळवळली.

मग जाताना प्रत्येकीला विचारायची वेळ आली. कशासाठी आला होता? बीपी. तुम्ही? बीपी. आणि तुम्ही? त्या पोरीचं लग्न होऊन वर्षही झालं नसेल, चेहऱ्यावर नुसता उजेड होता. ती म्हणाली, बीपीच जी. सगळ्यांच्या सासवा तिथेच उभ्या होत्या, त्या दुसरं काय सांगणार? सरांचा चेहरा मात्र उतरत गेला. दुपारी ते फार गंभीर होऊन मला म्हणाले की या भागात तरुण मुलींमध्ये उच्च रक्तदाबाची साथ दिसते आहे, इथल्या बायका मीठ जास्त खातात का? मी म्हटलं, खात असतील. काय सांगणार? संध्याकाळी त्यांनी मॅडमना मेल पाठवला, त्यात मीठ कमी करण्याच्या मोहिमेचा आराखडाही होता.

समाधान मोजायला त्यांनी तीन चेहऱ्यांची पुठ्ठ्याची चित्रं आणली होती. एक हसरा, एक सरळ तोंडाचा, एक डोळ्यांतून पाणी काढणारा. बाईने जाताना आपल्याला कसं वाटलं त्यावर बोट ठेवायचं. पहिल्या बाईने चित्रं नीट पाहिली आणि रडणाऱ्यावर बोट ठेवलं. दुसरीनेही तेच केलं. तिसरीने तर तो पुठ्ठा हातात उचलून घेतला. सरांनी हताश होऊन मला विचारायला सांगितलं की दवाखान्यात काय त्रास झाला? ती बाई म्हणाली, आम्हाले काय झालं? हिले लई तरास हाय, हिचा नंबर आधी लावा ना. मागच्या दोघींनी माना डोलावल्या, त्यांचंही तेच म्हणणं होतं. सरांच्या कागदावर मात्र तीन रडके चेहरे गेले.

निकाल लागायचा तो लागला. वेळात नापास, दारात नापास, एकटेपणात सपशेल नापास, समाधानात रडारड, आणि बायकांच्या खास सेवांच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. चंद्रपूरच्या बैठकीत मी खूप भांडले. वाघाचं सांगितलं तर सर "इंटरेस्टिंग" म्हणाले. इंजेक्शनांचा साठा सगळ्यात आधी कुठे संपतो ते बघा म्हटलं, तर रजिस्टर चालणार नाही हे आधीच ठरलं होतं, आणि ठरवताना मी हजर होते याचीही त्यांनी आठवण करून दिली. माझा आवाज चढला. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या की तीन महिन्यांनी मी स्वतः येते, तोवर सुधारा, आणि सुधारलं नाही तर विलीनीकरणाच्या कागदावर सही करणं मला भाग आहे.

सिस्टरचा पारा चढलेलाच होता. बीपी मोजता येत नाही असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने जाहीर केलं की आता सगळं निकषांप्रमाणेच होईल. दाराला नवी कडी लावली. बाकावर पाटी टांगली, एका वेळी एकच. बीपीचं यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या बाजाराला बाया आल्या तेव्हा सिस्टर दारात उभी राहून प्रत्येकीला विचारू लागली, तेही सरांच्याच भाषेत, की आपण कोणत्या सेवेसाठी आलात? मी तिथे होते. मी तिला सांगितलं की हे बरं दिसत नाही. ती म्हणाली, निकष तुम्हीच ठरवले ना?

पहिला घोळका आला, पाटीकडे बघून आल्या पावली बाजारात गेला. दुसराही गेला. थांबण्याचा वेळ शून्यावर आला, कारण थांबायला कुणी नव्हतंच. दुपारपर्यंत दार अगदी व्यवस्थित बंद होतं आणि आत आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत होतो. एकच बाई आत आली. ती सावकाराच्या घरची, तिला खरोखर बीपी होतं, आणि यंत्र कुलपात आहे म्हटल्यावर तिचा आवाज इतका चढला की ते न मोजताही कळत होतं.

तिसऱ्या प्रहरी जाड चष्म्याची एक सासू आली. या सासूला आम्ही दोघी फार भीत होतो. सुनेला बाजारात एक मिनिट नजरेआड करायची नाही, बाकावर बसली की दवाखान्यातल्या प्रत्येक हालचालीवर तिचा डोळा. तिच्या सुनेचं इंजेक्शन त्याच आठवड्यात होतं. सासूने सुनेला बाहेर लिंबाखाली बसवलं आणि एकटी आत आली.

"बीपी मोजनं काऊन बंद केलं वो?" तिने विचारलं.

सिस्टरने दार, कडी, पाटी, निकष असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सासूने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, माझ्या सुनेची तारीख उलटून जाऊन राह्यली. मी विचारलं, कसली तारीख, बाई?

"मले का समजत नाई? जवान पोरीचा बीपी कोनी तीन-तीन महिन्यानं पाह्यते का? तारीख तर मीच ध्यानात ठेवून राह्यली. माह्या पोराले एकावर एक लेकरं पाह्यजेत, अन् ते सांभाराले मी. तिले पट्टा बांधा अन् सुई द्या. मले मालूम हाय हे तिले सांगजा नोका, नाईतर ती मले भेनार नाई."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि लिंबाखालून सुनेवर खेकसली की उठ, बीपी दाखवून घे, किती वेळ बसशील. सून भीत भीत उठली. मला हसू आवरेना, आणि सिस्टर कपाटाची किल्ली शोधत होती. गेली कित्येक वर्षं आम्ही ज्या बाईपासून लपवत होतो, ती बाई आमच्या बाजूने पहारा देत बसली होती. मला आमचा सगळ्यांचा, त्या बाकावरच्या बायांचासुद्धा, असा काही अभिमान वाटला की मी पाटी काढून दवाखान्यामागच्या चुलीजवळ टाकून आले. कडी काढायला सुतार लागला असता, म्हणून ती राहिली.

मॅडम आल्या त्या बरोबर तीन महिन्यांनी. धानाची रोवणी उरकलेली होती, बायांच्या पायांना अजून चिखलाच्या भेगा होत्या, बाजार भरलेला होता. सर सोबत होते. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पाच निकषांपैकी एकही सुधारला नव्हता, उलट गर्दी वाढली होती, म्हणजे थांबण्याचा वेळही वाढला होता. गाडीतून उतरताना मॅडमच्या पिशवीत विलीनीकरणाचा कागद मला दिसला. त्यांनी तो लपवलाही नाही, तसला त्यांचा स्वभाव नाही.

सर व्हरांड्यातल्या आपल्या खुर्चीवर घड्याळ लावून बसले. आत सिस्टर एका सुनेला इंजेक्शन देत होती. बाहेरच्या खोलीत टेबलाशी सिस्टरची खुर्ची रिकामी होती, मॅडम तिच्यावर बसल्या, आणि यंत्र समोरच होतं म्हणून म्हणाल्या, कुणाचं बघायचं आहे का? बाकावरच्या बायांनी पदर दंडावर ओढून घेतले. नवीन माणसाच्या हातात दंड कोण देणार? मी मनात म्हटलं, आता हे गेलं.

तेवढ्यात जाड चष्म्याची सासू उठली. इतक्या वर्षांत ती कधी त्या स्टुलावर बसली नव्हती. ती आली, बसली आणि हात पुढे केला. मॅडमनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, सोडला. कसलेला हात, मिनिटभरात झालं. एकदम चांगलं आहे, असं म्हणून त्या पट्टा सोडायला लागल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मॅडमच्या हातावर मी आजवर कधी हात ठेवला नव्हता. "मॅडम, अजून दाबा," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं. ती कॅलेंडरकडे बघत होती. मॅडमनी पट्टा परत नीट केला आणि फुगा दाबला. हवा फुस्स झाली.

"अंग बाहेर येते, माय," ती कॅलेंडरलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "वाकलं का येते. रोवनीत तर लईच. हातानं आत ढकलतो अन् परत वाकतो. कोनाले सांगतलं नाई."

मॅडमनी फुगा दाबला. त्याच चालीत, चेहरा न बदलता, त्यांनी विचारलं की हे कधीपासून आहे?

"धाकटा झाला तवापासून."

"धाकटा केवढा आहे आता?"

"त्याच्याच बायकोले आत सुई देऊन राह्यली ना तुमची सिस्टर."

मॅडमचा हात थांबला. सिस्टरच्या खोलीतून त्या सुनेचं हसू ऐकू येत होतं. आमच्यामध्ये तो फुगा आणि तो पट्टा आणि एवढ्या सगळ्या रोवण्या होत्या, आणि मला रडू आलं. मी कॅलेंडरकडे बघायला लागले, कारण तिथे सगळ्याच बघतात. मग मॅडम परत फुगा दाबायला लागल्या. त्या दाबत राहिल्या आणि विचारत राहिल्या. लघवीचं, उठण्याबसण्याचं, रक्त जातं का त्याचं. आत बसवायची एक रिंग असते ते सांगितलं, ऑपरेशनचंही सांगितलं, घाबरायचं कारण नाही हे दोनदा सांगितलं. बाकावरून कुणी हाक मारली नाही. एक लेकरू रडलं, ते दुसऱ्याच बाईने उचललं.

सर दारात आले. हातात मोबाइल. ते मॅडमना म्हणाले की वीस मिनिटं होऊन गेली, आणि मग, जरा चाचरत, विचारलं की बीपी किती निघालं?

मॅडमनी पट्टा सोडला आणि त्याची सावकाश गुंडाळी केली.

"वाढलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आणि फार जुनं आहे. पुढच्या बाजाराला मी पुन्हा येणार आहे, आणि त्याच्या पुढच्यालाही. तुम्ही ते मिठाचं राहू द्या."

सर म्हणाले की पण मॅडम, विलीनीकरण? मॅडम म्हणाल्या, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. सासू उठून बाकावर गेली, बसली, शेजारणीने तिला काय निघालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, बीपी. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या मॅडमले पाह्यता येते वो. जा तुमी."